चव, अन्न आणि आहारशुद्धी

आहाराच्या शुद्धीचा संबंध अंतःकरणाच्या शुद्धीशी आणि तिथून पुढे मोक्षाशी जोडणारा विचार छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात, सनत्कुमारांनी नारदाला केलेल्या उपदेशाच्या अखेरीस येतो. इथे आहार कशाला म्हणायचे, यावर आचार्यांचे एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांवाटे आत येणारे सगळेच आहार आहे: शब्द, रूप, गंध, रस. ते रागद्वेषाविना घेतले की आहार शुद्ध झाला. रामानुजांच्या परंपरेने मात्र पानात वाढलेले अन्नच डोळ्यांसमोर ठेवले आणि त्याचे तीन दोष सांगितले. जातिदोष म्हणजे पदार्थातच असलेला दोष, जसा कांदालसणाचा. आश्रयदोष म्हणजे ते अन्न ज्याच्या हातून आले त्याच्यामुळे लागणारा दोष. निमित्तदोष म्हणजे केस, माती, किडा पडल्याने येणारा दोष. निमित्तदोषाला कोणताही डॉक्टर मान डोलावेल. आश्रयदोषाच्या आडून शिवाशिव पोसली गेली, आणि स्वयंपाक करणाऱ्याची जात कुणाच्याही आतड्याला कधी कळलेली नाही.

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. चव आणि पोषण एकाच घासातून येतात, हे ते गृहीत. जिभेला गोड लागले म्हणजे पोटात गूळ, मध किंवा फळ गेले, यात त्या काळी शंकेला जागा नव्हती. गेल्या दीडशे वर्षांत ही जोडी फुटली. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या स्वीटनरमध्ये चव असते, अन्न जवळजवळ नसते. लोहाच्या किंवा जस्ताच्या गोळीत अन्नाचा अंश असतो, चव नसते. शांकर अर्थाने पाहिले तर पहिला पदार्थ पुरता आहार ठरतो आणि दुसरा जेमतेम. रामानुजांच्या अर्थाने नेमके उलटे. दोन आचार्यांमधला हा जुना वाद त्यामुळे प्रयोगशाळेत तपासता येण्याजोगा झाला आहे, आणि तिथे मिळणारे उत्तर कोणत्याच बाजूला सरळ झुकत नाही.

कृत्रिम गोडव्याचा इतिहास बराचसा अपघातांचा आहे. 1879 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होते. जेवताना हाताला लागलेली गोडी त्यांच्या लक्षात आली, आणि सॅकरिन सापडले. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून संयुगे बनवत होते. त्यांचे मार्गदर्शक लेस्ली हफ यांनी एक संयुग तपासून (test) बघायला सांगितले, फडणीसांना ते चाखून (taste) बघ असे ऐकू आले, आणि साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असलेले सुक्रलोज हाती लागले, असे सांगतात.

हे पदार्थ पोटात गेल्यावर काय होते, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे आहे, म्हणून ‘शुगर-फ्री’ हे एकच लेबल फसवे ठरते. अ‍ॅस्पार्टेम लहान आतड्यातच फुटते आणि त्याचे तुकडे तिथेच शोषले जातात, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. सॅकरिन बहुतांशी रक्तात जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. सुक्रलोज बहुतेक सगळे न शोषता शौचावाटे निघून जाते, म्हणजे जिवाणूंच्या वस्तीतून त्याचा पूर्ण प्रवास होतो. स्टीव्हियाच्या पानांतल्या गोड द्रव्यांना जिवाणू स्वतः फोडतात आणि मगच उरलेला भाग शरीरात जातो. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखे पदार्थ आतड्यात पाणी ओढतात आणि जिवाणूंच्या हाती पडून आंबतात. शुगर-फ्री बर्फी दोनाची चार खाल्ली की पोट का गुरगुरते, ते यामुळे.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील एरान एलिनाव्ह आणि एरान सेगल यांच्या गटाने 2014 साली दाखवले की सॅकरिन दिलेल्या उंदरांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता ढासळते आणि त्यामागे आतड्यातल्या जिवाणूंचा बदल असतो. सोबत सात माणसांना आठवडाभर सॅकरिन दिले होते, त्यांतल्या चौघांत तसाच बदल दिसला. 2022 साली याच गटाने 120 निरोगी प्रौढांवर सॅकरिन, सुक्रलोज, अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हिया यांची दोन आठवडे चाचणी घेतली. चारहींमुळे जिवाणूंच्या समूहात फरक पडला. रक्तातल्या साखरेवर परिणाम झाला तो सॅकरिन आणि सुक्रलोज घेणाऱ्यांत, तोही व्यक्तीगणिक कमीअधिक. उलट 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुद्ध सॅकरिनने निरोगी माणसांत असे काहीच घडवले नव्हते. म्हणून घाबरवणारे मथळे आणि निर्धास्त करणाऱ्या जाहिराती, दोन्ही बाजूला ठेवलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये अशी सशर्त शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना मात्र ती लागू नाही.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला. तिथल्या चार्ल्स झुकर यांच्या गटाने 2020 साली उंदरांसमोर साखरेचे पाणी आणि कृत्रिम गोडव्याचे पाणी ठेवले. सुरुवातीला उंदीर दोन्ही सारखेच पीत. दोन दिवसांत ते साखरेकडे वळले. गोड चव ओळखण्याची जिभेची शक्तीच ज्यांच्यात नव्हती, असे उंदीरही साखरच निवडू लागले. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी साखर ओळखतात आणि व्हेगस नाडीतून मेंदूला कळवतात. कृत्रिम गोडव्याने ही वाट जागी होत नाही. रस म्हणजे रसनेचा विषय, या दर्शनकारांच्या मांडणीला इथे एक पुरवणी जोडावी लागते. चव जिभेला कळते, पण पसंती ठरवण्यात आतड्याचाही हात आहे, आणि त्याला फसवणे जिभेला फसवण्याइतके सोपे नाही.

माणसाच्या बाबतीत याची सर्वांत ठसठशीत साक्ष जुलाबावरच्या उपचारात मिळते. लहान आतड्यात सोडियम आत घेणारी एक वाट ग्लुकोजच्या सोबतीनेच उघडते, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. याच तत्त्वावर दिलीप महालनबीस यांनी 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठसाखरेचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. त्या पाण्यात साखरेऐवजी तितकेच गोड सुक्रलोज घातले असते, तर जिभेला फरक कळला नसता आणि रुग्ण दगावले असते. इंद्रियाने घेतलेला आणि शरीराने घेतलेला आहार यांतली दरी याहून उघड क्वचितच दिसेल.

आता उलटी बाजू: चवीशिवायचे अन्न. गांधींच्या आश्रमातल्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत होते. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रताचे विवरण केले आहे. औषध जसे गोड की कडू हे न पाहता नेमक्या मात्रेत घेतात, तसे अन्न घ्यावे, असा त्याचा आशय. वरवर पाहता सप्लिमेंटची गोळी म्हणजे अस्वादाची परिसीमाच: शरीराला हवे ते, मोजून मापून, चवीचा लवलेश नसलेले. पण अस्वादाचे मोल पुढ्यात चव असताना तिच्यामागे न धावण्यात आहे. जिथे चवच नाही तिथे जिंकायचे काही उरत नाही. शिवाय गोळी फक्त घेणाऱ्यालाच मिळते, ही समजूतही टिकत नाही.

लोहाचे उदाहरण घ्यावे. भारतात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी असल्याचे 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. गरोदरपणी रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड 180 दिवस देण्याचा सरकारी कार्यक्रम त्यासाठीच आहे, आणि तो हवाच. तरी गोळीतल्या लोहाचा थोडाच भाग रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो, म्हणून शौच काळे होते आणि काहींना बद्धकोष्ठाचा त्रास होतो. तिथे लोहासाठी टपलेले जिवाणू असतात. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या कुळाला लोह लागते, तर दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस गटाला त्याची गरज जवळजवळ नसते. केनियातल्या तान्ह्या मुलांना लोह असलेली पोषक पूड दिली, तेव्हा पहिल्या कुळाची वाढ झाली आणि आतड्याच्या दाहाची खूणही वाढली, असे 2015 साली दिसून आले. आईच्या दुधात लोह मुळातच कमी असते, आणि त्यातले लॅक्टोफेरिन हे प्रथिन असलेले लोहही बांधून ठेवते, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. म्हणजे काही द्रव्ये न देणे हेही पोषणच. मात्रा, काळ आणि घेणाऱ्याचे शरीर पाहिल्याशिवाय एखादे द्रव्य हितकर की अहितकर हे ठरवू नये, हा चरकसंहितेचा आग्रह इथे नेमका लागू पडतो. तिला जिवाणू ठाऊक होते असे मात्र त्यातून निघत नाही, आणि तसा दावा करण्याचा मोह आवरलेला बरा.

इतर खनिजांची गोष्ट थोडक्यात संपते. मॅग्नेशियमचे क्षार आतड्यात पाणी ओढतात, म्हणून ते सारकही आहेत. जस्त मात्र मुलांच्या जुलाबात खरोखर उपयोगी आहे. मीठसाखरेच्या पाण्यासोबत 10 ते 14 दिवस जस्त द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची 2004 पासूनची शिफारस आहे.

जिवंत जिवाणूंच्या, म्हणजे प्रोबायोटिक, सप्लिमेंटने आणखी एक प्रश्न उभा केला. दह्यातल्या जिवाणूंनी आयुष्य वाढते, ही कल्पना एली मेच्निकोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली. आज त्यांच्या कॅप्सूल मिळतात, आणि जीव गिळणे अहिंसेत बसते का, ही शंका विचारली जाते. जैन आचारात दही किती शिळे चालेल यालाही मर्यादा आहे, तेव्हा ही शंका पोरकट नाही. पण मानवी शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असल्याचा अंदाज आहे, शरीराच्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिकच. त्यांना सोडून जगण्याची सोय कुणालाच नाही. फायद्याची बाजूही परिस्थितीवर ठरते. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि त्याचे खाद्य एकत्र दिल्याने जंतुदोष व मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले. उलट प्रतिजैविके घेतल्यावर प्रोबायोटिक घेणाऱ्या प्रौढांत त्यांचे मूळचे जिवाणू परतायला उशीर झाला, असे 2018 साली वाइझमन संस्थेत आढळले.

मग जेवतो कोण? गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन अन्न पचवणारा स्वतः ईश्वर आहे, आणि म्हणून जेवणाऱ्याचा ‘मी खातो’ हा अभिमान तिथे सैल पडतो. तैत्तिरीय उपनिषदात अन्न खाणारा आणि अन्न हे एकच होऊन जातात. शरीरशास्त्र दुसऱ्या वाटेने याच्या जवळ येते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट आहे, आणि ते जिवाणू धान्याच्या कोंड्यातून, डाळींतून, भाज्यांच्या तंतूंतून तयार करतात. तंतू मिळाले नाहीत, तर काही जिवाणू आतड्याला आतून झाकणारा श्लेष्माचा थर खाऊ लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. खाणारा तिथे अक्षरशः अन्न झालेला असतो. गोडवा असो वा गोळी, ती या पंक्तीत बसते, आणि त्यांपैकी कशातूनही तंतू मिळत नाहीत.

राहिला उपासाचा प्रश्न. धर्मशास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. इस्लाममध्ये पोटात गेलेल्या गोळीने रोजा तुटतो, पण आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुराणातच आहे. दोन्हीकडे औषधाची गरज आधी मान्य केलेली दिसते. त्या न्यायाने रक्तक्षयी स्त्रीची लोहाची गोळी एकादशीलाही औषधच. जाहिरात पाहून घेतलेली, कोणतीही उणीव नसताना गिळलेली व्हिटॅमिनची गोळी औषधात मोडत नाही. तिने व्रत मोडत नसेल, पण त्या आठांच्या यादीचा आधारही तिला नाही. स्वीटनर घातलेल्या उपासाच्या खिरीत उष्मांक कमी असतात, तरी ज्या जिभेला आवर घालण्यासाठी व्रत धरले तिला हवे ते सगळे मिळालेले असते. शंकराचार्यांच्या अर्थाने तो आहार झालाच, आणि साबुदाण्याची खिचडी तूप घालून दोनदा मागून घेण्यालाही तोच न्याय लागतो.