आपत्तीत सरकारी मदत : दान की देणे ?

गावावर मोठी आपत्ती कोसळली म्हणजे सरकारने धावून यावे, ह्याविषयी आज सहसा कोणी वाद घालीत नाही. परंतु ती मदत दान समजून घ्यावयाची की हक्क समजून, आणि ती कोणत्या मापाने वाटावयाची, हे प्रश्न खेड्यातील मनुष्यास पडल्यावाचून राहत नाहीत. हे केवळ कचेरीचे प्रश्न नसून नीतीचे आहेत. सबब त्यांचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दाखल्यासाठी फार दूर जावयास नको. सन १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस, पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरील मातीचा थर, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून रक्षण केले, तीच निजलेल्यांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आदि गावांतून सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे सरकारने जागतिक बँकेचे कर्ज काढून ५२ गावे नव्या जागी वसविली, आणि जेथे नुकसान कमी होते तेथे लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीस साह्य केले.

आता हे दान म्हणावे काय? आमच्या मते नव्हे. काडेपेटी किंवा साबणाची वडी विकत घेताना मजूरदेखील कर भरतो. काढलेले कर्जही ह्याच सर्वांच्या पैशातून फिटते. तेव्हा सरकारी तिजोरी हे सर्वांचे सामाईक पेव आहे. दुष्काळात त्यातून धान्य काढणारा भिकारी ठरत नाही. तथापि जे पेव सर्वांचे, त्यातून गरजेपेक्षा अधिक उपसणारा हा शेजाऱ्याचेच नेतो, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न मापाचा. नव्या गावांत घरे जमिनीच्या मानाने दिली गेली : भूमिहीनास व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४५०, आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०. ह्याच्या बाजूने असे म्हणता येईल की, ज्याचा वाडा पडला त्याचे नुकसान मोठे, आणि त्यास बैल व धान्य ठेवण्यास जागाही हवी. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु ज्याची झोपडी गेली त्याचेही सर्वस्वच गेले, आणि त्याची लेकरे काही लहान जागेत मावतील अशी घडलेली नसतात. आम्हांस वाटते की, मनुष्य पुन्हा उभा राहीपर्यंतची मदत सर्वांस सारखी असावी. त्यापलीकडे ज्यास ऐपत आहे त्याने कर्ज घ्यावे. शेतकऱ्यास तगाई देण्याचा कायदा तर १८८४ सालापासून चालत आलेला आहे.

मदतीने लोक आळशी होतात, असा कित्येकांचा आक्षेप आहे. ह्याचे उत्तर त्याच भूकंपाच्या इतिहासात सापडते. दुरुस्तीच्या गावांतून पैसा व सामान घरधन्याच्या हाती दिले गेले, आणि लोकांस समजावून सांगण्यासाठी गावातीलच स्त्रिया संवाद-सहायक नेमल्या गेल्या. तेथे लोकांनी स्वतः उभे राहून भिंती मजबूत करून घेतल्या. आळस मदतीने येत नाही. ज्याचे घर त्यासच विचारले नाही, म्हणजे येतो.

शेवटी गावाचे कर्तव्य. तलाठी पंचनाम्यास येतो तेव्हा त्याच्यापुढे उभे राहणारे पंच आपल्यातलेच असतात. सात-बाऱ्यावर जिचे नाव नाही अशी विधवा, बटाईने शेत करणारा कुळवाडी, वेशीबाहेरचे घर, ही यादीतून गळतात ती पुष्कळदा सरकारच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर आपल्या मौनामुळे. दोन शेळ्या मेल्या असता पाच लिहविणारा, आणि शेजारणीचे नाव ठाऊक असून न सांगणारा, ह्या दोघांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. मदत हक्काची आहे असे म्हणावयाचे असेल, तर त्या हक्काची राखण सत्याने केली पाहिजे. पुढील पंचनाम्याच्या दिवशी आपली तोंडे कोणासाठी उघडतील, ह्याचा विचार प्रत्येक गावाने आजच करून ठेवावा.