दुसऱ्याची फाईल वाचताना

पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी १९८९ साली एकामागून एक कोसळल्या, त्याला तीन तपांचा काळ लोटला. त्या पडझडीने विद्यापीठांतील एका ज्ञानशाखेचीही मोठी पंचाईत केली. तोवर 'सोव्हिएत अभ्यास' या नावाने ती नांदत होती; आता अभ्यासाचा विषयच नकाशावरून नाहीसा झाला. ग्लासगोहून १९४९ पासून निघणाऱ्या 'सोव्हिएत स्टडीज' या मान्यवर नियतकालिकाने १९९३ मध्ये 'युरोप-एशिया स्टडीज' असे नाव धारण केले, आणि पदव्युत्तर वर्गांतून 'साम्यवादोत्तर समाजांचे राजकारण' हा नवा विषय शिकविला जाऊ लागला. नव्या राज्यघटना, बहुपक्षीय निवडणुका, सरकारी कारखान्यांचे खाजगीकरण ही त्यातील प्रकरणे विद्यार्थी तक्ते मांडून अभ्यासू शकतो. परंतु याच अभ्यासक्रमात एक प्रकरण असे येते की जेथे तक्ते फारसे कामाला येत नाहीत. ते आहे गुप्त पोलिसांनी मागे ठेवलेल्या फाईलींचे. ज्याने त्या भीतीच्या छायेत एक रात्रही काढलेली नाही, अशा पंचविशीतल्या अभ्यासकाने त्या फाईली उघडून त्यांतील माणसांविषयी निर्णय द्यावा काय? विषय परका वाटेल, पण प्रश्न परका नाही.

पूर्व जर्मनीचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. सुमारे एक कोटी चौसष्ट लाख लोकवस्तीच्या या देशात 'स्टासी' या गुप्त पोलीस खात्याचे १९८९ साली जवळजवळ ९१ हजार पगारी नोकर होते, आणि त्यांना बातम्या पुरविणारे छुपे खबरे होते सुमारे १ लाख ८९ हजार. शेजारी, सहकारी, डॉक्टर, शिक्षक, क्वचित धर्मोपदेशकही त्यांत असत. १५ जानेवारी १९९० रोजी नागरिकांचा जमाव बर्लिनमधील स्टासीच्या मुख्यालयात शिरला. हाती लागलेल्या फाईली एकीला एक लावून उभ्या केल्या तर रांग शंभर किलोमीटरहून लांब भरते. १९९१ च्या अखेरीस जर्मन संसदेने कायदा केला आणि १९९२ च्या जानेवारीपासून ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला स्वतःची फाईल वाचण्याचा हक्क मिळाला.

हा हक्क मागणे सोपे होते, पचविणे नव्हे. वेरा वोलेनबर्गर ही बाई पूर्व बर्लिनमधील शांतता चळवळीत होती. १९८८ साली तिला अटकही झाली होती. पुढे ती एकीकृत जर्मनीच्या संसदेवर निवडून आली. आपल्या घरातील बोलणे पोलिसांना कोण कळवीत होते याचा उलगडा तिला फाईलीतून झाला. 'डोनाल्ड' या टोपणनावाने बातम्या देणारा तो खबऱ्या म्हणजे तिचा स्वतःचा नवरा, तिच्या मुलांचा बाप होता. हंगेरीतील नामवंत कादंबरीकार पेतेर एस्तरहाझी यांच्यावर आलेला प्रसंग असाच. वडिलांचे गौरवचित्र उभे करणारी मोठी कादंबरी त्यांनी लिहून संपविली आणि त्याच सुमारास, २००० साली, दफ्तरखान्यातील कागद त्यांच्या हाती आले. वडील १९५७ पासून अनेक वर्षे पोलिसांचे खबरे होते. एस्तरहाझींनी ते लपविले नाही. २००२ साली त्यांनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले 'सुधारित आवृत्ती'.

अशा गोष्टी वाचल्या म्हणजे सत्पुरुषांच्या ओठी डोंगरावरील प्रवचनातले एक वचन चटकन येते, आणि विषय तेथेच मिटवावा असे वाटते. मला ते उत्तर अपुरे वाटते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा करावी, हे आपण म्हणू शकतो. परंतु काय झाले हे कळल्यावाचून तो क्षमा तरी कशाची करणार? सत्यावर पांघरूण घालून मिळणारी शांतता बहुधा बलवंतांच्या सोयीची असते. पोलंडचे पहिले बिगरसाम्यवादी पंतप्रधान तादेउश माझोविएत्स्की यांनी १९८९ मध्ये भूतकाळावर जाड रेघ ओढण्याची भाषा केली. त्यांना एवढेच म्हणायचे होते, की आमचे सरकार स्वतःच्या कृत्यांपुरतेच उत्तरदायी राहील. लोकांनी मात्र त्याचा अर्थ घेतला, मागचे सारे माफ. ती रेघ पुसून काढण्याचे राजकारण त्या देशात पुढे वर्षानुवर्षे चालले.

तेव्हा फाईल वाचायला हवी. प्रश्न आहे तो कशी, हा. या बाबतीत टिमथी गार्टन अॅश या इंग्रज लेखकाचा अनुभव मोलाचा आहे. ऑक्सफर्डचा पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून तो १९७८ साली बर्लिनला गेला. त्याला अभ्यास करायचा होता हिटलरच्या काळातील बर्लिनचा. पण तो दफ्तरे चाळीत असताना स्टासी त्याचे दफ्तर तयार करीत होती. भिंत पडल्यावर त्याने ते मागविले. ३२५ पानांच्या त्या फाईलीत त्याला टोपणनाव होते 'रोमिओ'. त्याने ती आपल्या जुन्या रोजनिशीशी ताडून पाहिली, आणि मग फाईलीतल्या खबऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात राक्षस फारसे भेटत नाहीत. भेटतात ती दुबळी, घाबरलेली, स्वतःशी खोटे बोलणारी माणसे. माझ्या मते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाआधी हे पुस्तक हाती घ्यावे.

कारण फाईल ही कोणा तटस्थ लेखकाची बखर नव्हे. पापनिवेदनात माणूस आपला अपराध आपल्याच तोंडाने सांगतो, आणि ऐकणारा तो कोठेही उच्चारत नाही. फाईलीत दुसऱ्याचा अपराध तिसराच माणूस नोंदवितो. तोही वरिष्ठांना खूश करण्यासाठी, बढतीसाठी, खबऱ्यांची संख्या भरण्यासाठी. चेकोस्लोव्हाकियात ऑक्टोबर १९९१ मध्ये 'लुस्ट्रेशन'चा कायदा झाला. हा शब्द लॅटिनमधील शुद्धिविधीवरून आला आहे. जुन्या खात्याच्या नोंदींत ज्यांची नावे असतील त्यांना मोठ्या सरकारी पदांपासून दूर ठेवावे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी हजारो नावांची एक बेकायदा यादी वृत्तपत्रातून छापली गेली आणि लोकांनी ती शेजाऱ्यांची नावे शोधत वाचली. त्या यादीत ज़्देना सालिवारोवा हे नाव होते. ही लेखिका आपले पती, कादंबरीकार योसेफ श्क्वोरेत्स्की यांच्यासह टोरोंटोत परागंदा होऊन राहत होती आणि मायदेशी बंदी असलेली चेक पुस्तके छापून प्रसिद्ध करीत होती. न्यायालयात जाऊन तिला आपले नाव स्वच्छ करून घ्यावे लागले. यादी छापायला एक दिवस पुरला होता.

पोलंडमध्ये ही आच थेट ख्रिस्तसभेला लागली. जेथे धर्मगुरू जनतेच्या प्रतिकाराचे आधार होते, जेथे फादर येझी पोपिएवुश्को यांना १९८४ च्या ऑक्टोबरात गुप्त पोलिसांनी ठार मारले, तेथेच काही धर्मगुरूंची नावे खबऱ्यांच्या नोंदींत निघाली. आर्चबिशप स्टानिस्वाव विएल्गुस यांची वॉर्सोच्या धर्मप्रांतावर नेमणूक झाली होती. ७ जानेवारी २००७ रोजी, अधिकारग्रहणाच्या दिवशीच, भरलेल्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी पदत्याग जाहीर केला. मंदिरात कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी 'आमच्यापाशीच राहा' असे ओरडले. त्यांनी आरोप आधी नाकारले होते. मग कबूल केले. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचे हे विद्वान. पश्चिम जर्मनीत अभ्यासासाठी जाण्याची परवानगी मिळावी, यासाठी पोलिसांशी संबंध ठेवावा लागला असे त्यांचे म्हणणे होते, आणि आपण कोणाचे नुकसान केले नाही असेही.

येथे विद्यार्थ्याने थोडे थांबावे. त्या काळी पासपोर्ट घरच्या कपाटात नसे. तो सरकारच्या मर्जीने प्रवासापुरता मिळे. परदेशी विद्यापीठ, ग्रंथालय, गुरुजन या साऱ्यांची किंमत एका सहीने मोजायची होती. आज आपल्याकडील मुले शिष्यवृत्ती आणि व्हिसा घेऊन सरळ विमानात बसतात. त्यांतील एखादा हाच विषय शिकायला गेला, तर तो ज्याच्याविषयी लिहील त्याच्याजवळ आणि स्वतःजवळ एकच इच्छा असल्याचे त्याला आढळेल. सही करणे चूक होते, हे त्याने स्पष्ट लिहावे. अनेकांनी सही केली नाही आणि ते आयुष्यभर मागे राहिले; त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून तरी ते लिहिलेच पाहिजे. आपण काय केले असते, हा प्रश्न मात्र त्याने कागदावर उत्तर न देता जवळ बाळगावा.

आणखी एक गोष्ट मला अधिक खुपते. विएल्गुस यांचे नाव जगभर गाजले. त्यांना जाळ्यात ओढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? फादर पोपिएवुश्को यांच्या खुनाबद्दल १९८५ साली चार अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, पुढे त्या कमीही झाल्या. त्यांच्याही वरून हुकूम कोणाचा आला, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. सही करणारा दोषी आहेच, पण कोरा कागद त्याच्यापुढे सरकविणारा हात फाईलीत दिसत असूनही वाचकाच्या नजरेतून निसटतो, कारण फाईल त्याच्याच अक्षरात लिहिलेली असते. म्हणून अभ्यासकाने आधी त्याचे चरित्र वाचावे: त्याचा पगार, त्याची बढती, त्याला वरून आलेले हुकूम. राज्यशास्त्र शिकल्याचा येथे खरा उपयोग आहे.

आणि फाईलीत जे नाही त्याचेही भान हवे. १९८९ च्या शेवटच्या आठवड्यांत स्टासीच्या अधिकाऱ्यांनी हाती लागतील ते कागद फाडले. यंत्रे पुरेनात तेव्हा हातांनी फाडले. अशा तुकड्यांची सुमारे सोळा हजार पोती सापडली. न्यूरेंबर्गजवळील त्सिर्नडोर्फ या गावी १९९५ पासून काही कर्मचारी टेबलाशी बसून ते तुकडे हातांनी जुळवू लागले. वीस वर्षांहून अधिक काळ खपून जेमतेम पाचशेच्या आसपास पोती जुळून झाली.