अक्षराखालचा पत्रा

कार्तिकातली सकाळ. सोयाबीन घरात आलेलं, तूर अजून शेतात उभी. किन्हीराजात, मालेगावहून शेलुबाजारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला रेडियमवाल्याच्या दुकानापुढे एक पिकअप उभी आहे. मालकाने ती जुनी विकत घेतली आहे आणि आता तिच्यावर आपलं नाव, गाव लावून घ्यायचं आहे. अक्षरं रात्रीच मशीनवर कापून तयार आहेत, तरी रेडियमवाला कामाला हात घालत नाही. पत्र्यावरून तळहात फिरवतो, ओला झालेला हात पँटला पुसतो आणि म्हणतो, "थांबा थोडं भाऊ. दव वाळू द्या."

मीही चहाचा कप घेऊन तिथेच थांबलो.

या कामाला सकाळच लागते, तीही नेमकी. अक्षराच्या पाठीवरचा गोंद दाबाने धरतो. ओल्या, गार पत्र्यावर तो धरतच नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारच्या पत्र्यावर तो असा झटकन धरतो की वाकडं बसलेलं अक्षर उचलून सरळ करायलाही सवड मिळत नाही. पत्रा साधारण १५ ते ३० अंशांच्या मध्ये असावा. दव वाळलेलं असतं आणि ऊन अजून चढलेलं नसतं, तेवढा तास-दीड तास खरा कामाचा.

तेवढ्यात मालकाने तो प्रश्न विचारला, जो इथे आलेला प्रत्येक जण विचारतो. "हे टिकन किती दिवस?"

रेडियमवाल्याने उलट तीन प्रश्न केले. "गाडी उभी कुठी रायते? धुता कशानं? आन् आज धुऊन आणली काय?"

प्रश्न अक्षराविषयी होता आणि तिन्ही उलटप्रश्न गाडीविषयी. मला आधी ते उत्तर टाळणं वाटलं. नंतर कळलं की खरं उत्तर तेच होतं.

गाडी सावलीत उभी राहत असेल तर अक्षराचं आयुष्य वाढतं. दाराच्या उभ्या पत्र्यावर ऊन तिरपं येतं, बॉनेटवर थेट माथ्यावर पडतं. म्हणून एकाच दिवशी, एकाच तुकड्यातून कापलेलं अक्षर दारावर शाबूत असतं तेव्हा बॉनेटवर भेगाळून गेलेलं असतं. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा अक्षराच्या कडेवर मारला, तर तो पहिल्यांदा कडच उचलतो. एकदा कड उचलली की तिच्याखाली धूळ जाते, आणि धूळ गेलेली जागा पुन्हा चिकटत नाही.

मालाचाही वाटा आहेच. ही अक्षरं ज्याची असतात ते विनाइल म्हणजे मुळात पीव्हीसी, कडक आणि ठिसूळ. १९२६ साली अमेरिकेतल्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने ते मऊ, लवचिक केलं. तो शोधत होता रबर धातूला चिकटवणारा पदार्थ, आणि हाती आलं ते हे मऊ प्लास्टिक. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं, मग अक्षर कडक होतं आणि तडकतं. रुळांमधून ताणून काढलेला विनाइलचा स्वस्त कागद आपल्या मूळ मापाकडे परत आखडू पाहतो. जुन्या गाड्यांवर अक्षराभोवती काळी रेघ दिसते ना, ती त्या आखडण्याची खूण. अक्षर आत सरकलं, गोंद बाहेर उघडा पडला आणि त्यावर रस्त्याची धूळ बसली. ओतून, भाजून केलेला महाग कागद केसाएवढा पातळ असतो आणि त्याला असा ताण नसतो. म्हणून साधा कागद तीन ते पाच वर्षं आणि चांगला सात ते दहा वर्षं, असा ढोबळ हिशेब. पण हा हिशेब उभ्या आणि स्वच्छ पत्र्याचा.

आणि स्वच्छ म्हणजे किती? ते त्या सकाळी मी जवळून पाहिलं. गाडी धुऊनच आणली होती, डोळ्यांना लख्ख दिसत होती. रेडियमवाल्याने पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि दारावरून एक हात ओढला. फडक्यावर बोटभर रुंद काळपट पट्टा उमटला: डिझेलचा धूर, हाताचा तेलकटपणा, पॉलिशचा थर. त्याने फडकं उलटवलं, पुन्हा पुसलं. पट्टा फिकट झाला. तिसऱ्या वेळी फडकं पांढरं राहिलं, तेव्हा कुठे त्याने अक्षरांचा कागद हातात घेतला. गोंद लगेच धरू नये म्हणून दारावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला, अक्षरं सरकवत सरकवत रेषेत आणली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी नि हवा काढत गेला. घाई नाही, थांबणं नाही. शेवटी अक्षरं एकत्र धरणारी वरची टेप अगदी चपटी, पत्र्याला लागूनच मागे ओढत सोलली. "दोन-तीन दिवस धुवू नका," एवढंच म्हणाला.

न पुसता लावलं असतं तरी अक्षर चिकटलं असतंच. त्या दिवशी कुणाला फरकही कळला नसता. पण ते पत्र्याला चिकटलं नसतं, पत्र्यावरच्या धुळीला चिकटलं असतं, आणि धुळीबरोबरच गेलं असतं.

मागच्या फाळक्यावर त्याने चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात आणि त्यावरून या धंद्यालाही तेच नाव पडलं. १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधलेलं रेडियम पुढे घड्याळाच्या काट्यांवरच्या रंगात वापरलं गेलं, अंधारात काटे दिसत. अंधारात दिसणाऱ्या वस्तूला ते नाव चिकटलं ते कायमचं. या पट्टीत मात्र रेडियम नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड ते त्याच गाडीकडे परत धाडतात. रात्री या रस्त्यावर मालाने भरलेली ट्रॉली दिव्याशिवाय उभी असते, तेव्हा या दोन बोटं रुंद पट्टीवर कुणाचा तरी बाप घरी पोहोचणं अवलंबून असतं. स्वतःचा उजेड नसलेल्या पट्टीने ते काम होतं, कारण आलेला उजेड ती स्वतःजवळ ठेवत नाही.

शेवटी फाळक्याचा मधला भाग राहिला. तिथे मालकाला मोबाइल नंबर टाकायचा होता. रेडियमवाल्याने स्पिरिटचं फडकं फिरवलं आणि पत्र्यावर अक्षरं दिसू लागली. कागद नव्हता, गोंद नव्हता. आधीच्या मालकाने लावलेली अक्षरं कधीच सोलून काढलेली होती. पण ती तिथे होती तेवढी वर्षं आजूबाजूचा रंग उन्हाने भुरकट होत गेला, आणि अक्षरांखालचा रंग कारखान्यातून आला तसाच गर्द राहिला. त्या गर्द रंगात स्वच्छ वाचता येत होतं: आईचा आशीर्वाद.

मी तोवर हेच समजत होतो की पत्रा अक्षराला धरून ठेवतो. त्या क्षणी दुसरी बाजू दिसली. इतकी वर्षं अक्षरानेही पत्र्यावरचं ऊन स्वतःवर घेतलं होतं. धरून ठेवणं दोन्हीकडून चाललं होतं.

आपण आयुष्यात किती गोष्टींविषयी विचारतो, हे टिकेल ना? नवं नातं, नवी भागीदारी, मुलाला लावलेली सवय, स्वतःशी केलेला एखादा निश्चय. विचारताना डोळा त्या नव्या गोष्टीवर असतो. तिच्याखालची जागा आपण किती वेळा पुसली? फडकं पांढरं येईपर्यंत थांबलो का? जुना राग, जुना हिशेब तसाच ठेवून त्यावर नवं काही डकवलं, तर ते कशाला चिकटणार? आणि चिकटलं, तर त्याने कुणाचं ऊन अंगावर घ्यायचं?

"पॉलिश मारून मिटवू काय?" रेडियमवाल्याने विचारलं.

मालक थोडा वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग त्याने नंबरासाठी खालची जागा बोटाने दाखवली. म्हणाला, "राहू द्या भाऊ. माह्या बी मायचा व्हय तो."