पिंपळात देव, मग बाभळीत कोण?

सज्जनहो, आपल्या बेंबळी भागात पिंपळावर कुऱ्हाड घालायला माणूस कचरतो. बांधावरची बाभळ मात्र बिनदिक्कत तोडतो. पिंपळात देव आहे आणि बाभळीत नाही, असं ठरवलं कोणी?

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आपल्या विभूती सांगतात. वृक्षांत अश्वत्थ, नद्यांत गंगा, स्थावरांत हिमालय आपणच, असं त्यांचं सांगणं. परंतु अध्याय तिथं संपत नाही. अखेरीस ते सांगतात, की सारं जग आपल्या एका अंशानं धारण केलं आहे. शके १२१२ मध्ये माऊलींनी हाच अर्थ मराठीत उघडा करून आपल्या हाती दिला. तेव्हा पिंपळ ही ओळख पटण्याची खूण झाली. खूण धरून बसलो आणि धनी विसरलो, तर ती भक्ती कसली?

कोणी विचारील, "महाराज, सगळ्यातच देव, तर शेतकऱ्यानं नांगर धरायचा तरी कसा?" शंका रास्त आहे. उत्तर संतांच्या चरित्रात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका माती तुडवून मडकी घडवीत. अरणचे सावता महाराज मळा पिकवीत, आणि त्या मळ्यातच त्यांना विठाई भेटली. घेण्यात पाप नाही. मर्यादेनं घ्यावं, घेतल्याची जाण ठेवावी, एवढंच.

ही मर्यादा आपल्याला घरातच शिकवली आहे. सायंकाळी तुळस खुडू नये, द्वादशीस तर नाहीच. देवाला वाहायचं पान असलं, तरी हात आवरावा लागतो. मग आपल्या लोभासाठी घेताना तो किती आवरावा? आपण उलटं करतो. विहीर आटली की बोअर. ती कोरडी गेली की दुसरी, अधिक खोल. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पाऊस कमी पडला हे खरं. पण धरणीच्या पोटातलं पाणी उपसताना पुढच्या पिढीचा विचार आपण केला का?

चंद्रभागेचंही तेच. ती पतितपावनी, तिला कसला विटाळ, असं म्हणून स्नानानंतर जुनी वस्त्रं, पत्रावळी तिच्यात टाकणारे दिसतात. आईच्या पदरात उष्टं टाकायचं आणि आई पवित्रच आहे म्हणायचं, तसं हे झालं! ती आपलं पाप धुते, म्हणूनच तिला राखण्याचं ऋण आपल्यावर अधिक.

तरी आमची विनवणी एवढीच, की दिंडीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं बांधावर एक झाड राखावं. ते बाभळीचं असलं तरी विठोबाला चालेल.

राम कृष्ण हरि.