विषयांची यादी

विद्यार्थ्यांना संशोधनाचा विषय निवडू दिला की ते भलतंच काहीतरी निवडतात, तेव्हा राज्याच्या आणि देशाच्या गरजा पाहून विद्यापीठानंच विषयांची यादी करावी आणि मुलांनी तीतला एक उचलावा, अशी सूचना आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी यंदा एका कार्यशाळेत केली. सभागृहात टाळ्या पडल्या. सूचनेपेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. टाळ्या वाजवणारे माझे सहकारी होते, रोज वर्गावर जाणारे होते, आणि त्यांतले बरेच मुलांवर मनापासून माया करणारे होते.

सूचना आत्ताच का आली ते उघड आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष जोडलं. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला ते वर्ष संशोधनासह करता येतं आणि त्यात 12 श्रेयांकांचा प्रकल्प असतो. पूर्वी एम.फिल.ला, फार तर एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला पडणारा प्रश्न आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना पडणार आहे: मी कशावर काम करू? या वयाच्या मुलाला आपल्याकडे तोवर असं कुणी काही विचारलेलंच नसतं. शाखा घरच्यांनी ठरवलेली असते, कॉलेज टक्क्यांनी ठरवलेलं असतं. अशा मुलासमोर छापील यादी ठेवली की तो सुटकेचा निःश्वास टाकेल, हे मलाही मान्य आहे. ती सुटका त्याच्या भल्याची आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

यादीची कल्पना नवी नाही. मार्च 2019 मध्ये कासारगोडच्या केरळ केंद्रीय विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं. संशोधनाचे विषय राष्ट्रीय अग्रक्रमांशी जुळणारे असावेत आणि विभागांनी तशा विषयांच्या याद्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. त्याच्या निषेधार्थ प्राध्यापक मीना पिल्लै यांनी तिथल्या अभ्यासमंडळाचा राजीनामा दिला. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये, नागपूर अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य शासनाच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत केला. गदारोळ झाला, शमलाही. पण संशोधनाचा उपयोग आधी दाखवा, पैसे आणि परवानगी मग मागा, हा त्यामागचा समज शमलेला नाही. तो सभागृहात आहे, पालकांत आहे, आणि त्या दिवशी कार्यशाळेत टाळ्या वाजवणाऱ्यांतही होता.

यादीवाल्यांची तक्रार मात्र खोटी नाही. कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं प्रबंधांचं कपाट उघडून पाहावं. ‘अमुक तालुक्यातील महिला बचत गटांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास’, ‘तमुक कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण: एक चिकित्सक अभ्यास’. तालुका बदलतो, कादंबरीकार बदलतो, प्रकरणांची नावं तशीच राहतात. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे आणि शेवटी शासनाला शिफारशी करायच्या. पण हे विषय मुलांनी ‘भलतेच’ निवडले म्हणून असे झाले, हे निदान चुकीचं आहे. आधीच्या वर्षी मंजूर झालेलं शीर्षक यंदाही मंजूर होतं, एवढं मुलांनी ओळखलेलं असतं. म्हणजे एक अलिखित यादी आजही चालूच आहे. छापील यादी आली की तिच्यावर फक्त शिक्का बसेल.

माझ्यापुढे बसलेल्या एका मुलाचं सांगतो. बीड जिल्ह्यातला, आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्यानं आणलेला विषय होता ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या व उपाय’. या विषयावर आधीच ढीगभर काम झालेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं या मुलाला लहानपणापासून जे ठाऊक आहे त्याच्या पलीकडे जात नाही. मी विचारलं, तुझ्या घरात या धंद्यातली अशी कोणती गोष्ट आहे की जिच्यावरून वाद होतो आणि जिचं उत्तर कुणालाच नक्की सांगता येत नाही? बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, उचल फिटली का नाही, हे.”

ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पावसाळ्यात मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो. ती उचल. हंगामभर टनामागे मजुरी लागत जाते आणि उचलीतून वळती होत जाते. आजारपणात वा बाळंतपणात काम चुकलं की खाडा पडतो, तोही कापला जातो. ऊस कारखान्याच्या काट्यावर मोजला जातो, त्याची पावती असते. पण मजुराच्या नावावर किती टन लागले ते मुकादमाच्या वहीत असतं. हंगाम संपला तरी उचल शिल्लक निघते आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं. त्या मुलाच्या आईचं म्हणणं, यंदा फिटली होती. मुकादमाचं म्हणणं, नव्हती. काट्याच्या पावत्या आणि वहीतला आकडा एका टोळीपुरता, एका हंगामापुरता शेजारी शेजारी मांडायचा, असा विषय मग ठरला. यात शिफारशी नाहीत, तालुका नाही, शंभर उत्तरदाते नाहीत. पण उत्तर काय येईल हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मुकादमही मजुरांतूनच वर आलेला, त्याच गावचा. त्याची वही खरी निघाली तर घरी काय सांगायचं, हा प्रश्नही मुलाला पडला होता, आणि तो पडला तेव्हा विषय पक्का झाला असं मला वाटलं.

इथवर माझं म्हणणं सरळ होतं: विषय विद्यार्थ्याचाच हवा, त्याच्या जगण्यातून आलेला हवा. पण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या उमेदीच्या वर्षांकडे पाहिलं की हे म्हणणं जसंच्या तसं टिकत नाही.

मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. माहेर करमरकर, सासर कर्वे. म्हणजे अगदी घरातला विषय. सामग्री हाताशी, भाषा आपली, माणसं ओळखीची. मी वर ज्याची तरफदारी केली तसाच हा विषय आहे. त्यानंतर त्या बर्लिनला गेल्या. दाहलेम या उपनगरात 1927 मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. जर्मनीच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्रवंशीय रेहोबोथ लोकांचा अभ्यास करून नावाजलेले आणि वंशशुद्धीच्या कल्पनेचे समर्थक असे हे गृहस्थ. हिटलर सत्तेवर आला त्या 1933 सालीच ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. या माणसानं इरावतीबाईंना विषय दिला: मानवी कवटीची असममिती. दिलेल्या विषयात उत्तरही दडलेलं होतं. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि हेच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण, अशी फिशर यांची धारणा होती. ती मोजमापांनी सिद्ध व्हायची होती.

विद्यार्थ्याच्या दृष्टीनं याहून वाईट विषयाची कल्पना मला करवत नाही. घरापासून हजारो मैल दूर, परकी भाषा, हाती दिलेल्या कवट्यांत वसाहतींतून लुटून आणल्यासारख्या आणलेल्या माणसांच्या कवट्या, आणि ज्या सिद्धान्तात आपण स्वतःच कनिष्ठ ठरतो तो सिद्ध करण्याचं काम. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. असममिती सगळीकडे आढळली. वंशाशी तिचा संबंध मात्र आढळला नाही. तसं त्यांनी लिहिलं. पदवी मिळाली, पण सर्वांत खालच्या श्रेणीत.

या घटनेवर मी वारंवार विचार केला आहे. निवडीचं स्वातंत्र्य त्यांना नव्हतं. तरीही ते संशोधन त्यांचं होतं, आणि चित्पावनांवरच्या प्रबंधापेक्षाही अधिक त्यांचं होतं, असं मला आता वाटतं. घरच्या विषयात माणूस आपल्याच समजुतींना पुरावे गोळा करत बसू शकतो. बीडच्या त्या मुलाचा विषयही, मुकादम चोर आहे हे आधीच ठरवून त्यानं केला असता, तर फिशर यांच्या विषयाहून वेगळा राहिला नसता. पुढे इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली असंही नाही. महाराष्ट्रात त्या वर्षानुवर्षं माणसांची मोजमापं घेत हिंडल्या. पण 1953 च्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात किंवा ‘युगान्त’मध्ये, मान्य झालेल्या उत्तरासमोर न वाकण्याची जी सवय दिसते, ती मला बर्लिनच्या त्या कवट्यांपाशी जडलेली वाटते.

तेव्हा विषय कुणी दिला यावर मी आता भांडणार नाही. उत्तर कुणाच्या हाती आहे, यावर भांडेन. घुर्ये यांनी अक्षयकुमार देसाई यांच्यासारख्या मार्क्सवादी विद्यार्थ्याला भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहू दिला. गुरूला मार्क्सवाद पटत नव्हता, तरी प्रबंध पुरा झाला आणि 1948 मध्ये ग्रंथरूपानं आला. लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर, केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाची बाजू खोडणारा प्रबंध लिहिला. 1923 साली तो पुस्तकरूपात आला तेव्हा त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती, आणि तीत आपले मतभेद त्यांनी मोकळेपणानं नोंदवले होते. विद्यार्थ्याशी मतभेद आहेत असं त्याच्याच पुस्तकात छापायला राजी होणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्यानं सुचवलेला विषय घ्यायला माझी काही हरकत नाही.

राज्याच्या गरजांची यादी मला का नको, तेही यातूनच येतं. ‘सेंद्रिय शेतीचे फायदे’, ‘अमुक योजनेचे लाभार्थ्यांच्या जीवनावर झालेले सकारात्मक परिणाम’ असे विषय त्या यादीत असणार. त्यात उत्तर शीर्षकातच बसवलेलं असतं. योजनेनं काहीच झालं नाही असं एखाद्या मुलीला आढळलं, तर तिच्या गुणांचं काय होणार? फिशर यांनी दिली तशी खालची श्रेणी घेऊन ती बाहेर पडेल, आणि इरावतीबाईंइतकं बळ प्रत्येक एकविसाव्या वर्षात असेलच असं नाही. जिद्द धरण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर ढकलून यादी करणाऱ्यांनी मोकळं होऊ नये.

आवडीचा विषय घ्या, असं सांगणाऱ्यांशीही माझं फारसं जमत नाही. आवड कामातून तयार होते, हे मी कित्येक मुलांत पाहिलं आहे. महिनाभर नोंदवह्या चाळल्यावर ज्याला झोप लागत नाही, त्याला सुरुवातीला तो विषय रुक्षच वाटलेला असतो.

म्हणून चौथ्या वर्षाच्या समित्यांपुढे माझ्या दोन मागण्या आहेत. विषय मंजूर करताना शीर्षक आणि उद्दिष्टं यांखेरीज विद्यार्थ्याकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा: कोणतं उत्तर आलं तर माझी समजूत मोडेल, आणि ते उत्तर मला कोणत्या कागदात, कोणत्या माणसाकडे सापडू शकेल. ज्याला हा परिच्छेद लिहिता येत नाही त्याला नापास करू नये, त्याच्याबरोबर बसावं.

दुसरी मागणी वेळापत्रकाची आहे. जुलैत सत्र सुरू होतं, ऑगस्टमध्ये विषय ठरतो, सप्टेंबरपर्यंत प्रश्नावली छापून मागतात. ऊसतोडीची उचल मात्र पावसाळ्यातच वाटली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. विषय ठरेपर्यंत उचलीचा व्यवहार होऊन गेलेला असतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा तर सहावं सत्र संपताच, एप्रिल-मेमध्ये विषयाची चर्चा व्हायला हवी आणि सातव्या सत्राचा पहिला महिना मुलाला गावात राहण्यासाठी मोकळा मिळायला हवा, हजेरीची अट न लावता.