उघड्या दाराचा दिवा

आमच्या मोटारीच्या समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा आहे. त्यात चारही दारे फाकलेली एक चिमुकली मोटार काढली आहे. लांबून उताणे पडलेले झुरळ वाटते. कुठलेही दार उघडे राहिले की हे झुरळ पेटते. गेल्या पावसाळ्यात ते पेटले आणि विझायचे नावच घेईना. दारे आपटून झाली, ढकलून झाली, देवाचे नाव घेऊन झाले. झुरळ आपल्या मतावर ठाम. आतला दिवाही रात्रभर जळे आणि सकाळी बॅटरी उतरलेली असे.

खरे म्हणजे बदलापूरच्या माणसाने उघड्या दाराची धास्ती घ्यावी हेच हास्यास्पद. मी पस्तीस वर्षे लोकलने नोकरी केली. एक पाय आत, दुसरा अधांतरी आणि जेवणाचा डबा तिसऱ्याच्याच हातात, अशा अवस्थेत डुलकीसुद्धा काढली आहे. आपोआप दारे लागणारी वातानुकूलित लोकल मुंबईत आली ती २५ डिसेंबर २०१७ रोजी. दारे लागल्याशिवाय ती हलत नाही. नेहमीच्या गाडीच्या जागी ती आमच्या पदरात टाकली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरकर चिडून स्टेशनावर जमले. रागाचे कारण भाडे, दार नव्हे. पण दारावर कोट्या करायला मला तेवढे पुरत असे. पुढे ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसे खाली पडली, काही गेलीच. तेव्हापासून मी त्या कोट्या करत नाही.

"अहो, दिवा लागलाय," सौभाग्यवती दर सिग्नलला म्हणत.

"बिघडलाय तो."

"आणि खरंच उघडं असेल तर?"

मागे नात बसते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी हॉर्न वाजवत असे.

शेवटी अंबरनाथच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने चारही दारांच्या वायरी एकेक करून सोडवल्या. डावीकडच्या मागच्या दाराची सोडवताच दिवा विझला. म्हणजे नेमके नातीचे दार.

"काका, ही अशीच सुटी ठेवतो. दिव्याची कटकटच नको."

"पण दार खरंच उघडं राहिलं तर?"

"तरी नाही लागणार!" हा त्या योजनेचा आणखी एक फायदा असावा अशा सुरात तो म्हणाला.

आणि मी 'बरं' म्हणालो. घरी येताना गाडीत इतकी शांतता होती की सौभाग्यवतींनी गाणे लावले.

त्या रात्री नेहमीप्रमाणे आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कडी लावलीस का रे?" आई चौऱ्याऐंशीची आहे. हा प्रश्न ती रोज रात्री विचारते, आणि मी रोज पांघरुणातूनच सांगतो, "लावली." खरे तर कडी लावते ही. मी फक्त सांगतो. आजवर एकदाही चुकलो नाही.

त्या रात्री झोप येईना. मी तो दिव्याचा खटला पुन्हा चालवला. दिव्याला बिचाऱ्याला दार दिसतच नाही. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढी एक दांडी असते. दार लागले की ती आत दबते आणि वीज तुटते. दार उघडले की ती बाहेर येते, गाडीच्या पत्र्यातून विजेची वाट पुरी होते आणि दिवा लागतो. दांडी दबली की नाही, तेवढेच त्याला कळते आणि तेवढेच तो बोलतो. तो चुकत होता, पण खोटे बोलत नव्हता. मी मात्र रोज बरोबर उत्तर देत होतो, आणि रोज खोटे बोलत होतो. पाहिलेलेच नसताना पाहिल्यासारखे सांगायचे, याला दुसरे काय म्हणणार? कडी लागलेली असे हे हिचे पुण्य. आणि आम्हां दोघांत वायर तोडली कोणाची, तर त्याची.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला एका म्हाताऱ्या सिंधी इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी ती वायर जोडली. दिवा पेटला. मग दार उघडून दांडी अंगठ्याने पुरती दाबली. दिवा विझला. अंगठा काढून दार लावले, दिवा पुन्हा हजर.

"स्विच झूठा नहीं है, साईं. दरवाजा उसको पूरा दबाता नहीं."

दांडीच्या टोकावरची रबरी टोपी झिजली होती. दार लागे, पण दांडीला पुरते टेकत नसे. म्हणजे स्विच ठीक, वायर ठीक, दिवा तर पहिल्यापासून ठीक. सगळा घोटाळा दाण्याएवढ्या रबराचा. त्याने नवी टोपी बसवली. ती 'मेड इन यू.एस.ए.' होती की नाही ते विचारले नाही. या गावात त्या अक्षरांचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगतात. पण दिवा विझला तो विझलाच. मी तिथल्या तिथे दार चार वेळा उघडून पाहिले. चारही वेळा झुरळ पेटले. मला फार बरे वाटले.

त्या रात्री आईने विचारले, "कडी लावलीस का रे?"

मी उठलो, चपला शोधल्या, अंधारात स्टुलाला अडखळलो आणि दारापर्यंत जाऊन कडी हाताने चाचपली. लागलेलीच होती.

"लावलेली आहे गं."

"मग उठलास कशाला?" आई म्हणाली. "रोज तर झोपूनच सांगतोस."