तुळशीची रात्र

नवरात्रात आमच्याकडे घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत गहू-जोंधळे पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा नंदादीप. दसऱ्याला घट उठतात तेव्हा ते धान वीतभर वाढलेले असते. पिवळेधमक, मऊ, हात लावला तरी वाकेल असे. देवाला वाहून झाले, की पुरुषांनी ते टोपीत खोवायचे आणि बायकांनी केसांत माळायचे. साताऱ्यास माझी आजी त्याच्या उंचीवरून वर्षाचे भाकीत करी. धान उंच आले, की साल बरे जाणार.

यंदा सांगलीच्या घरी ते धान उपटताना माझी भाची म्हणाली, "मामा, हे वाढलेलं नाही, हे उपाशी आहे." भाची विलिंग्डन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते. अंधारात उगवलेले रोप दाण्यातली सारी शिदोरी उंच होण्यातच खर्च करून टाकते, कारण वर कोठेतरी उजेड असेल अशी त्याची अटकळ असते. पान हिरवे करण्याच्या भानगडीत ते पडतच नाही. नंदादीपाचा उजेड देवाला पुरत असेल, गव्हाला पुरत नाही. ज्याला आम्ही तीन पिढ्या भरभराट म्हणत आलो, ती त्या बिचाऱ्याची नुसती शोधाशोध होती.

एरवी असल्या बोलण्याचा मला राग आला असता. देवघरात शास्त्र आणू नये अशा मताचा मी आहे. पण मी गप्प राहिलो. गेले चार महिने आमच्या घरात याच स्वरूपाचा एक खटला चालू होता, आणि त्यात आरोपी मी होतो.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जुन्या पेठेत आमचे घर आहे, मागच्या अंगणात दगडी वृंदावन आहे, आणि वडील गेल्यापासून ती तेथे एकटी राहत होती. ज्येष्ठात ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही. परंतु मी मनाशी ठरवून टाकले, की आता तिने सांगलीस यावे. तिची एकच हरकत होती, "तुळशीला पाणी कोण घालील?" मी म्हणालो, "तुळसही नेऊ." कृष्णा साताऱ्याकडून वाहत सांगलीलाच येते, मग तुला यायला काय झाले, असाही एक युक्तिवाद मी केला. ती हसली आणि आली. वृंदावनातल्या तुळशीचे एक रोप कुंडीत घेऊन, सगळा प्रवास ती कुंडी मांडीवर धरून आली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. त्या पुरानंतर तळमजल्याचे बिऱ्हाड सोडून आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पुरापासून सुटलो आणि उन्हापासूनही. आमचा सज्जा उत्तरेकडे, आणि समोर हात लांब केला तर लागेल अशी दुसरी इमारत. गच्चीवर ऊन आहे. पण गच्चीचा जिना उभा, कठडा एकाच बाजूला, आणि आईचे गुडघे ब्याऐंशी वर्षांचे. अंघोळ करून ओलेत्याने तांब्याभर पाणी घालायचे, एक प्रदक्षिणा घालायची, संध्याकाळी निरांजन लावायचे, हे सारे जेथे होईल तेथेच तिची तुळस हवी. म्हणून ती माजघरात, म्हणजे हल्लीच्या भाषेत हॉलमध्ये, आली.

श्रावणात तुळस फिकी पडली. दोन पानांमधली कांडी लांबू लागली. मी आईला सांगत होतो, "बघ, कशी वाढतेय!" मला तसे खरेच वाटत होते. आमचा हॉल मला चांगला उजेडाचा दिसे.

येथे डोळा नावाच्या साक्षीदाराची उलटतपासणी केली पाहिजे. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. रात्री दिवे लावलेल्या आपल्या खोलीत दोन-तीनशे. म्हणजे तीनशे ते पाचशे पटींचा फरक. आपल्याला तो जाणवत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. पानाला ही सोय नाही. शिवाय आपला डोळा सर्वांत अधिक पाहतो तो हिरवट-पिवळा उजेड; पानाची ओढ मुख्यतः तांबड्याकडे आणि निळ्याकडे. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्याला प्रमाण मानून ठरवलेले आहे. त्या मापाने तुळशीसाठी दिवा घेणे म्हणजे पाहुण्याच्या पायासाठी आपल्या पायाचा जोडा आणणे.

मी मात्र त्याहूनही वाईट केले. दुकानदाराने 'खास झाडांसाठी' म्हणून दाखवलेला जांभळा-गुलाबी दिवा घेऊन आलो. खोक्यावर १००० वॅट असे ठळक छापलेले. लावला तर सगळा हॉल जत्रेतल्या पाळण्यासारखा दिसू लागला. तुळस काळी दिसे, वरण निळे दिसे. आई एवढेच म्हणाली, "मंडप कधी उतरवणार?" भाचीने मीटर लावून पाहिले, तर तो दिवा पुरते पंचवीस वॅटही घेत नव्हता. मोठा आकडा कुठल्याशा जुन्या दिव्याच्या बरोबरीचा म्हणून छापतात. घ्यायचा आकडा प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या विजेचा. आणि चांगला कारखानदार त्यापुढे, दर सेकंदाला प्रकाशाचे किती मायक्रोमोल बाहेर पडतात, तेही लिहितो.

या गुलाबी दिव्यांची कुळकथा मोठी गमतीची आहे. दिसणारा तांबडा एलईडी १९६२ साली झाला. लख्ख निळा व्हायला त्यापुढे तीस वर्षे लागली, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पानाला तांबडा आणि निळा आवडतो म्हणून दोन्ही एकत्र केले, की झाला गुलाबी. पण आजचा साधा पांढरा एलईडीसुद्धा मुळात निळाच असतो. त्याच्यावर एक लेप दिलेला असतो, तो निळ्यातला काही भाग पिवळा-तांबडा करून देतो. म्हणजे पांढऱ्यात सगळेच आले. हिरवासुद्धा वाया जात नाही. तो पानाच्या खोल थरात आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. घरात ठेवायच्या दोन-चार कुंड्यांना चांगला पांढरा दिवा पुष्कळ झाला. पान निरोगी आहे की पिवळे, हेही त्यात कळते. गुलाबी उजेडात आजारी रोपही गोजिरवाणे दिसते, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

शेवटी आम्ही वीस-वीस वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या नळ्या आणल्या आणि तुळशीच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगल्या. एकट्या लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले, की उजेड चौथाईवर येतो. म्हणून छतावरचा दिवा कितीही झगमगीत असला तरी कुंडीच्या उपयोगाचा नाही. पानावर दीड-दोनशे मायक्रोमोल उजेड चौदा तास पडला, की दिवसाची बेरीज आठ ते दहा मोल होते. तेवढ्यावर तुळस गुजराण करते. वीज दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक. घरात नळ्या आल्या आणि पंधरा दिवसांत नवी पालवी जवळजवळ, गर्द हिरवी आली. मंजिऱ्या धरल्या. मला इतका आनंद झाला, की मी त्या नळ्या रात्रीही बंद करीनासा झालो. चौदा तासांनी इतके होते, तर चोवीस तासांनी किती होईल!

आईला हे खपेना. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, झाडे झोपतात, असे आपल्याकडे प्रत्येक घरातली वडीलधारी माणसे सांगतात. लहानपणी मी ते ऐकले आणि मोठेपणी सोडून दिले. पण झाडे रात्र मोजतात ही गोष्ट खरी आहे. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दाखवले, की तंबाखूची एक जात दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी, अंगाला चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका रानटी झुडपावर, त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. ते झुडूप दिवस मोजत नसून सलग अंधार मोजत होते. लांब रात्रीच्या मध्यभागी थोडासा उजेड पाडला, की फुलणे थांबले. शेवंती याच जातीची. हरितगृहांत रात्री दिवे लावून तिची कळी हवी तितके दिवस लांबवतात. आणि आमच्याच भागात थंडीत ड्रॅगन फळाच्या मळ्यांत रात्री दिव्यांच्या माळा लागतात, त्या तिला फुलवण्यासाठी! तोच दिवा, तीच रात्र. एकीची फुले थांबतात, दुसरीला येतात. टोमॅटोचे रोप अखंड उजेडात ठेवले तर त्याची पाने पिवळी पडतात.

एका रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये अंधार. आई तुळशीपाशी खुर्चीवर बसलेली. नळ्या तिनेच बंद केल्या होत्या.

"अगं, झोपली नाहीस?"

"आज हिला झोपू दे म्हटलं. माझ्या खोलीतला दिवा तू चालूच ठेवतोस. मला कुठली झोप?"

ती अंधारात पडेल म्हणून तिच्या खोलीत मी रात्रभर दिवा ठेवीत असे. चार महिने. तिने एकदा-दोनदा सुचवलेही होते, आणि मी ते समजूतदारपणे ऐकून सोडून दिले होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. दुसऱ्याचे भले आपल्याला कळले, हे आपल्याला कशावरून कळते? ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी कोणीतरी ठरवावेच लागते. तान्ह्या मुलाला दूध विचारून पाजत नाहीत. 'ज्याचे त्याला ठरवू द्या' म्हणून हात झटकणे ही सज्जनपणाची खूण मुळीच नाही, बहुतेक वेळा तो आळस असतो. पण बोलता न येणाऱ्या तुळशीसाठी मी आकडे जमवले, मापे घेतली, चूक झाली तेव्हा दिवा बदलला. बोलता येणाऱ्या आईला मात्र मी विचारलेसुद्धा नाही. तिच्या बाबतीत मला मापाची गरजच वाटली नव्हती. माझे प्रेम होते ना! आणि तिची तुळस तरी घरात कोणासाठी होती? तुळशीला कोणी विचारले असते तर तिने गच्ची सांगितली असती. आईच्या ओढीने ती आत आली, माझ्या ओढीने आई आली. संध्याकाळी तिच्यापुढे लावलेल्या निरांजनातून पानाला काहीही मिळत नाही. ते आपल्यासाठी असते, आणि असावे. फक्त त्याला तुळशीचे अन्न समजू नये.

आता नळ्यांना वेळेचे यंत्र बसवले आहे. सकाळी सहाला लागतात, रात्री आठला विझतात. आईच्या खोलीत दिवा नाही. तिच्या उशाशी बॅटरी आहे आणि पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला कठडा आहे. कठडा कोठे हवा ते तिने खडूने खुणा करून सुताराला दाखवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुळशीचं लग्न यंदा साताऱ्याला, वृंदावनात लावू. मग पुढे काय ते मी सांगेन." माझ्यापाशी नाही म्हणायला दहा कारणे होती. मी भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, "एकदम नाही न्यायची. भर उन्हाच्या दहाव्या हिश्शावर वाढलीय ती. एकदम उन्हात ठेवली तर करपेल. रोज थोडंथोडं ऊन वाढवत न्यायचं."

म्हणून सध्या रोज सकाळी मी कुंडी गच्चीवर नेतो. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, आता दीड तासावर आलो आहे. खाली मुले किल्ल्यावर अळीव पेरीत असतात. उघड्यावरचे ते अळीव बुटके आणि हिरवेगार येते. काल जिन्यात मागे चाहूल लागली. वळून पाहतो तो आई, एक हात भिंतीला, एक पायरी, थांबणे, पुन्हा एक पायरी. मी कुंडी कमरेवर घेऊन दुसरा हात पुढे केला.

"तू कुंडी सांभाळ," ती म्हणाली.